चाक निघेपर्यंतचा जिताडा

आमच्या घरामागच्या तळ्यात जिताडा आहे, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. सासरची माणसं मला बघायला खांदा कॉलनीत आमच्या फ्लॅटवर आली, तेव्हा माझं शिक्षण विचारायच्या आधी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी त्या माशाचं वर्णन करून टाकलं. तेव्हा तो हातभर होता. आमच्या लग्नात तो दीड हात झाला आणि माझ्या मुलाच्या बारशाला दोन. मुलगा त्या मानाने फारच सावकाश वाढत होता. हा मासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं मात्र सासऱ्यांखेरीज मी कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं.

मला असल्या गोष्टींचा राग येतो. आमच्या माहेरी दोन चपात्या म्हणजे दोन चपात्या असतात. सासरी दोन म्हणजे किती, हे सांगणाऱ्याला किती आनंद झालाय त्यावर ठरतं. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सतत आनंद होत असतो. बाकी माणूस सोन्यासारखा. म्हणून तर जास्त राग येतो, धड भांडताही येत नाही.

यंदा माझी नणंद रुचिरा हिचा साखरपुडा झाला. मुलगा उरणजवळच्या मोऱ्याचा, त्याचे वडील शिवा नाखवा, स्वतःची बोट असलेले. मांडव त्यांच्याच दारात होता, आणि त्यांनी जेवायला अशी पापलेटं वाढली की शेपट्या ताटाबाहेर लोंबत होत्या. बाबांनी कौतुक केलं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण नाखवा हसून म्हणाले, "मासा म्हंजे समुद्राचा. तल्यातला मासा काय, चिखल खाल्ल्यावानी लागते."

बाबा हातातला घास ठेवून उभे राहिले. "आमच्या तल्यान जिताडा हाय," ते म्हणाले, "एवरा!" आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. डावा हात फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याला लागला, तरी पसरायचे थांबले नाहीत. "रविवारी सगली जेवाला या. तुमच्या डोल्यांसमोर तलं उपसतो, चिखलातून जिताडा काढतो न् तुमच्या ताटान घालतो. नाय घातला तर नावाचा अनंता नाय!"

आमच्या भागात तळ्यातला जिताडा पाहुण्याला घालणं म्हणजे घराची इज्जत. त्यामुळे सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. सासूबाई, गोदाआई, मागून त्यांचा शर्ट ओढत होत्या. शर्टाचं बटण निघालं, पण बाबा काही खाली बसले नाहीत.

तळं उपसायचं म्हणजे पंप हवा, आणि पंप म्हणजे आमचं रॉकेलवर चालणारं छोटं इंजिन. शनिवारी हरेशला, माझ्या नवऱ्याला, तळोज्याच्या कारखान्यातून सुट्टी होती. त्याने इंजिन पडवीतून अंगणात आणलं, दोरी गुंडाळली आणि ओढली. इंजिन एकदा शिंकलं आणि गप्प झालं. शेजारचा सुरज आला, त्याने ओढली. तो व्यायामशाळेत जातो, त्यामुळे दोरी तुटली.

"ठिणगीच येत नाय," हरेश प्लग बघून म्हणाला. "आतले पॉइंट खराब झालेत. ते या फ्लायव्हीलच्या मागं असतात. हे चाक काढलं की दहा मिनिटांचं काम."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या तोंडावरचं ते जड लोखंडी चाक. मधला नट सहज सुटला. हरेशने चाकाला हात घालून ओढलं. चाक हललं नाही. दोघांनी ओढलं, तर इंजिन त्यांच्यामागे फरफटत तुळशीपर्यंत गेलं, पण चाक होतं तिथेच राहिलं.

का, ते मला लगेच कळलं, कारण मला या घरचे देव माहीत आहेत. खंडेनवमीला सगळीकडे हत्यारांची पूजा होते, हळदकुंकू लावतात, फूल वाहतात आणि नारळ बाजूच्या दगडावर फोडतात. आमच्याकडे बाबा नारळ इंजिनावरच फोडतात, तोही बरोबर त्या नटावर, कारण देवाला नेम आवडतो असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी ते नारळाचं पाणी नटावरून आत झिरपलं, दांड्याच्या निमुळत्या टोकावर चाक जिथे घट्ट बसतं तिथे साचलं, आणि गंजलं. वर बाबांनी भक्तिभावाने निळा ऑइलपेंट मारला. थोडक्यात, ते चाक आता प्रसादाने चिकटलं होतं.

"बाबा, हे तुमच्या नारळांनी झालंय," मी म्हटलं.

"मग नारलानीच सुटल," बाबा म्हणाले, आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी नवा नारळ आणून फाटकन त्याच जागी फोडला.

दुपारपर्यंत आमचं अंगण भरलं. चाक निघत नाही ही बातमी गावात कशी पसरते मला ठाऊक नाही, पण प्रत्येक जण उपाय घेऊनच आला. सुरजने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस चाकावर हातोडीने एक टिचकी मारतो आणि चाक त्याच्या हातात येतं. सुरजने टिचकी मारली. काही झालं नाही. त्याने व्हिडिओ पुन्हा लावला, जणू त्या माणसाचं बघून चाकालाच लाज वाटेल. वेणू काकी कोकमाचं आगळ घेऊन आल्या, कारण त्याने त्यांची तांब्याची कळशी लखलखीत निघते. चाकही लखलखीत निघालं, फक्त जागेवरून निघालं नाही. गोदाआईंनी चाकावर गरम इस्त्री धरली. त्यावर कोणीतरी म्हणालं की इस्त्रीनंतर बर्फ लागतो. बर्फ आणायला गेलेला माणूस कोल्ड्रिंक घेऊन आला आणि ते सगळ्यांनी पिऊन टाकलं.

शेवटी सुरजच्या डोक्यातून अफलातून कल्पना निघाली. चाकाला दोर बांधायचा, इंजिन झाडाला उलटं टांगायचं, म्हणजे इंजिन आपल्याच वजनाने खाली सुटेल. इंजिन चिंचेला लटकलं. सुटलं नाही. मग वजन कमी पडतंय म्हणून सुरज स्वतः इंजिनाला लटकला. क्षणभर दोघं छान झुलले. मग कडाड असा आवाज झाला, सगळे "निघालं, निघालं" म्हणून ओरडले, आणि चिंचेची फांदी, इंजिन आणि सुरज एकदमच खाली आले. निघाली होती ती फांदी. सुरज मऊ मातीवर पडला आणि सुदैवाने इंजिन त्याच्यावर पडलं नाही. चाकाला ओरखडाही नव्हता.

एवढ्या सगळ्या गोंधळात एकच माणूस मजेत होता, आणि ते होते बाबा. व्याह्यांना दिलेला शब्द उद्यावर आला होता, तरी हे खुर्ची टाकून बसले होते. चाक निघालं नाही की त्यांचा चेहरा फुलत होता. हरेश मोठा हातोडा घेऊन आला तेव्हा मात्र ते इंजिनापुढे आडवे झाले. "कंपनीचा माल हाय! दांडा वाकल!" गॅरेजमधून चाक ओढायचा पुलर मागून आणायला हरेश पनवेलला गेला. पुलर आला, ओट्यावर ठेवला, हरेश पाणी प्यायला आत गेला आणि बाहेर येतो तर पुलर गायब. सगळ्यांनी अंगण पालथं घातलं. बाबा सगळ्यांत जोरात शोधत होते.

संध्याकाळच्या भाताला तांदूळ घ्यायला मी कोठारातलं पिंप उघडलं, तर हाताला लोखंड लागलं. पुलर तांदळात होता.

मी बाबांना आत बोलावलं. पिंपाकडे बोट दाखवलं. 

बाबा पाटावर बसले. "मनिषा," ते म्हणाले, "दोन पावसाल्यांमागं उधानान बांध फुटला, तुला ठाऊक हाय ना? तवा तल्यातला सगला पानी खारीन गेला. त्यानंतर मना तो दिसलाच नाय."

"म्हणजे मासा नाही?"

"मी कुटं म्हनलो नाय? दिसला नाय म्हनलो."

"बाबा, मग हे मोऱ्यात सांगायचं ना! हात कशाला पसरलेत? उद्या ती माणसं येणार, तळं उपसणार, आणि आत नुसता चिखल. रुचिराला आयुष्यभर ऐकावं लागेल."

त्यांनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण गोळी लपवलेल्या पोरासारखा दिसत होता. "म्हनून तर," ते हळूच म्हणाले. "इंजिन बिगारलं, असं सांगता येते. त्यान इज्जत जात नाय. चाक अरकलाय तवर जिताडा तल्यान हाय, एवराच्या एवरा. चाक निंगाला का गेला."

मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते मला तेव्हा कळलं नाही. मी पिंपातून लागतील तेवढे तांदूळ काढून घेतले आणि झाकण लावून टाकलं.

रविवारी पाहुणे आले. कोंबडा शिजत होता, वडे तळले जात होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि रात्रभर पाठ केलेलं भाषण दारातच सुरू केलं. "नाखवा, माफी मागतो. जिताडा तय्यार हाय, आमी तय्यार हाव, पन इंजिनानी दगा दिला. चाक अरकलाय. आक्खा गाव लागला, निंगत नाय. आता काय कराचं?"

नाखव्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "इंजिन?" ते म्हणाले. "कुटं हाय?"

चहासुद्धा न घेता ते अंगणात गेले आणि मांडी ठोकून इंजिनापुढे बसले. बोटीवर जन्म गेलेला माणूस, बिघडलेलं यंत्र बघून त्यांना भूक लागत होती. आधी त्यांनी नट परत चढवला, पण थोडाच, दांड्याच्या टोकाशी येईल एवढा. "आटे खराब व्हाला नको, न् चाक निंगून कुनाचे थोबारावर जावाला नको." मग चाकाच्या मागे दोन बाजूंनी दोन पहारी घातल्या. एकीला हरेश, दुसरीला सुरज. "नुसता दाबून धरा. हिसका नको." दोघांनी दाबून धरलं आणि नाखव्यांनी पितळेचा ठोकळा नटावर ठेवून हातोडीचा एक ठोका मारला. काही नाही. चाक अर्धं फिरवून दुसरा ठोका मारला.

टण्ण!

चाक दांड्यावरून उडालं आणि नटाला आपटून थांबलं. अंगणात आरडाओरडा झाला. सुरजने हरेशला मिठी मारली. वेणू काकी आगळाचं श्रेय घेत होत्या. बाबा मात्र ओट्यावर बसले, जणू त्यांच्याच पायांतला नट सुटला होता.

बाकी सगळं भराभर झालं. पॉइंट घासले, दांड्यावरच्या खाचेतली अर्धचंद्रासारखी बारीक चावी पुसून परत बसवली. चाक आणि दांडा एकत्र धरणारा जीव एवढासाच. चाक चढलं, नट आवळला, नवी दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. पंपाच्या तोंडातून गढूळ पाणी भसाभस बाहेर पडायला लागलं.

आम्ही सगळे तळ्याकाठी उभे राहिलो. पाणी उतरायला लागलं. आधी कडेचा चिखल दिसला, मग एक चप्पल, मग सुरजचे हरवलेले रबरी चेंडू, मग एक प्लॅस्टिकची खुर्ची. प्रत्येक वस्तूला पाहुणे "आला, आला" म्हणून ओरडायचे. पाणी कमरेएवढं झालं, मग गुडघ्याएवढं. एवढ्या पाण्यात हातभर मासा असता तर त्याने तळं डोक्यावर घेतलं असतं. पाणी अगदी शांत होतं. बाबा बघतही नव्हते. ते शर्टाच्या बाहीची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. मला वाटलं, मीच ओरडून सांगावं सगळं, निदान हे थांबेल तरी.

नाखवा पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी बाबांकडे बघितलं. मग पुन्हा पाण्याकडे, बराच वेळ.

"आवाज बरोबर येत नाय," ते एकदम म्हणाले.

"चांगला येतोय की," सुरज म्हणाला.

"तुला काय कलतंय? बंद कर, बंद कर!" ते लगबगीने इंजिनाकडे गेले, ते बंद केलं, नट सैल केला, आणि आता शहाण्यासारखं वागणारं चाक एका ठोक्यात काढलं. वाकून आत काहीतरी केलं. "गेला! चावी उराली. कुटं परली बगा गवतान."

सगळा गाव गवतात रांगायला लागला. चावी सापडेना. सुरजचं म्हणणं, व्हिडिओतला माणूस चावीशिवाय पण इंजिन चालवतो. नाखवा म्हणाले की त्या माणसाला मोऱ्याला पाठव, त्याच्याकडं बगतो.

"मग मी उतरतो," सुरजने पॅंट वर केली. "गुडघाभर तर पाणी आहे. हातानी धरतो."

"खबरदार!" नाखवा ओरडले. "जिताड्याचे कल्ले बगलेस? सुरीवानी असतात. हात कापल तुजा. न् तो काय बारका हाय? आता बंद कराचे आधी मी बगला ना त्याला, त्या कोपऱ्यान. पाठ दिसली. ह्या बाप्पा! जन्मान असला बगला नाय." त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "व्याही, मी चुकलो. तल्यातल्या माशाला मी नाव ठेवाला नको व्हता."

गर्दीतून मोठा हुंकार आला. मग एकेकाला आठवायला लागलं की पाणी हललं होतं खरं. वेणू काकींना तर डोळासुद्धा दिसला होता.

कोंबडा-वड्यांवर पाहुणे तुटून पडले. जेवणानंतर मी नळाशी नाखव्यांच्या हातावर पाणी घालत होते, तेव्हा त्यांनी मूठ उघडली आणि ती अर्धचंद्राची चावी माझ्या तळहातावर ठेवली.

"ही जपून ठेव, पोरी. लगीन झाल्यावर बसव."

"मामा," मी खालच्या आवाजात म्हटलं, "तळ्यात मासा नाहीये."

"मना सांगतेस? पान्याचा तोंड बगून कलते."

"मग खोटं का बोललात?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "साखरपुड्यान मी तुमच्या मानसांना सांगला का माज्या दोन बोटी हायत. एकच हाय. तुमी मोऱ्याला याल तवा दुसरी मासेमारीला गेलेली असल. तुजे सासऱ्याला म्हनावं, त्यानीपन जास्त लांब बगाचं नाय." आणि नेटाने चूळ भरून ते विडा खायला गेले.

पाहुणे गेल्यावर हरेशने बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, उघडली. खाडीचं भरतीचं पाणी हळूहळू तळ्यात यायला लागलं. भांडी घासून मी बाहेर आले, तर बाबा एकटेच काठावर उकिडवे बसलेले. हातातल्या वाडग्यात करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, होती. गोदाआईंनी ती संध्याकाळच्या कालवणाला निवडून ठेवलेली, आणि आतून त्यांचा आवाज येत होता, की मानसांना नाय मिलत न् माशाला करंदी! पण वाडगा काही त्यांनी परत मागितला नाही.

"मनिषा," बाबा म्हणाले. "नाखवा बोलले ते खरं असल का गो? समुद्राचा मानूस हाय. त्याला मासा वलखाला नाय येनार?"

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच या तळ्याकडे असं बघितलं असेल. तोंडभर हसू होतं आणि डोळे भरलेले होते. पदराच्या टोकाला बांधलेली चावी माझ्या हाताला टोचत होती. मला माझ्या माहेरच्या चपात्या आठवल्या, माझा सगळा खरेपणा आठवला, आणि मला त्यांची फार माया आली.

"खरंच असणार बाबा," मी म्हटलं. "मलाही आत्ता काहीतरी हललेलं दिसलं. ते तिकडे, पलीकडच्या काठाला."

बाबा ताडकन उभे राहिले. कपाळावर हात धरून पलीकडे बघितलं, मग अगदी जाणकारासारखी मान हलवली.

"तिकरं त्याची शेपटी असल," ते म्हणाले, आणि वाडग्यातली करंदी अलीकडच्या काठाला, आपल्या पायाशी सोडली. "तोंड इकरं हाय."